खरी सही असलेला ॲडवेअर घरच्या कम्प्युटरवर कसा ओळखायचा

बँकेत माझी एकोणतीस वर्षं गेली, त्यातली निम्मी सह्या जुळवण्यात. चेक समोर यायचा, नमुना सहीचं कार्ड काढायचं, वळणं जुळली की पुढे पाठवायचा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी आमच्या साहेबांनी बजावलं होतं, की सही जुळली म्हणजे चेक खातेदाराने लिहिला एवढंच कळतं. पैसे कुणाच्या खिशात चाललेत ते सहीवरून कळत नाही.

निवृत्तीनंतर ही गोष्ट मी विसरले होते. मागच्या वर्षी मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. “अगं, तू जरा येऊन बघ. ब्राउझर उघडला की भलतंच सर्चचं पान येतं, आणि काही उघडलेलं नसतानाही कोपऱ्यात जाहिराती उगवतात.” “ताई, काही नवीन टाकलं होतं का?” म्हणून विचारलं, तर पीडीएफ जोडण्यासाठी काहीतरी फुकटचं उतरवलं होतं. अँटिव्हायरस लावला, तो म्हणाला सगळं ठीक. टास्क मॅनेजरमध्ये एक अनोळखी नाव चालू दिसलं. त्यावर राइट-क्लिक करून ‘ओपन फाईल लोकेशन’ केलं, फाईल सापडली, तिची सही तपासली. विंडोजने स्वच्छ सांगितलं, ‘धिस डिजिटल सिग्नेचर इज ओके’. ते वाचून मी ती फाईल सोडून दिली आणि पुढचे दोन तास दुसरीकडे शोधत बसले. जाहिराती त्याच फाईलमधून येत होत्या. असा नको असताना जाहिराती दाखवणारा प्रोग्रॅम म्हणजे ॲडवेअर.

ते दोन तास तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. विंडोज १० किंवा ११ असलेल्या कोणत्याही घरच्या कम्प्युटरवर हे करता येईल.

आधी सही म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण सगळा घोळ तिथेच होतो. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये ऑथेंटिकोड नावाची पद्धत आणली. प्रोग्रॅम लिहिणारी कंपनी डिजिसर्ट, सेक्टिगो, ग्लोबलसाइन अशा एखाद्या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे जाते, आपली ओळख पटवते, पैसे भरते आणि सर्टिफिकेट घेते. त्या सर्टिफिकेटच्या गुप्त किल्लीने ती आपल्या फाईलवर सही करते. यातून दोन गोष्टी कळतात. सही कोणत्या नावाने झाली ते, आणि सहीनंतर फाईलमध्ये फेरफार झाला की नाही ते. संस्था अर्जदाराची कागदपत्रं पाहते. त्याचा प्रोग्रॅम रोज चालवून बघत नाही. जाहिराती घुसवणारी कंपनी रीतसर नोंदलेली असेल, तर तिलाही सर्टिफिकेट मिळतं. त्यामुळे ॲडवेअरच्या फाईलवर सही असणं ही नवलाची गोष्ट नाही. उलट त्या धंद्यातल्या लोकांना सही हवीच असते, कारण बिनसहीची फाईल चालवताना विंडोज जास्त भीती घालतं आणि लोक मागे फिरतात.

ओळख पटवण्यातही चुका झाल्या आहेत. जानेवारी २००१ मध्ये व्हेरिसाइन या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने स्वतःला मायक्रोसॉफ्टचा कर्मचारी म्हणवणाऱ्या कुणालातरी मायक्रोसॉफ्टच्या नावाची दोन सर्टिफिकेटं देऊन टाकली होती. २०१० मध्ये सापडलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमच्या ड्रायव्हरवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या कंपन्यांच्या चोरलेल्या किल्ल्यांनी केलेल्या सह्या होत्या. पण घरच्या कम्प्युटरवर चोरीच्या किल्लीपेक्षा रीतसर मिळवलेल्या सहीचा ॲडवेअरच जास्त भेटतो, आणि माझा रोखही त्याच्यावरच आहे.

आता तपासणी. संशयित फाईलवर राइट-क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा, ‘डिजिटल सिग्नेचर्स’ या टॅबवर जा. यादीतलं नाव निवडून ‘डिटेल्स’ दाबा. इथे बहुतेक लोक ‘ओके’ वाचून खिडकी बंद करतात. तुम्ही थांबा. खरं वाचायचं ते याच्या पुढे आहे.

‘व्ह्यू सर्टिफिकेट’ दाबा. ‘इश्यूड टू’समोर सही करणाऱ्याचं नाव असतं, ‘इश्यूड बाय’समोर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं, आणि खाली मुदतीच्या तारखा. तिथल्याच ‘डिटेल्स’ टॅबमध्ये ‘सब्जेक्ट’ नावाची ओळ आहे. तिच्यात कंपनीचं नाव, गाव, देश असं सुटं सुटं लिहिलेलं असतं. काही सर्टिफिकेटांत कंपनीचा नोंदणी क्रमांकही असतो. हे सगळं कागदावर उतरवून घ्या. फोनने फोटो काढला तरी चालेल, पण मी लिहिते. लिहिताना नाव नीट वाचलं जातं. एका फाईलवर प्रसिद्ध कंपनीसारखं दिसणारं, एका अक्षराने वेगळं नाव होतं. दोनदा वाचूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, लिहिताना आलं.

आता त्याच प्रॉपर्टीजच्या खिडकीतला ‘डिटेल्स’ टॅब उघडा. वर म्हटला तो सर्टिफिकेटच्या आतला, हा फाईलचा. इथे प्रॉडक्टचं नाव, कॉपीराइट, फाईलचं मूळ नाव दिसतं. हा मजकूर प्रोग्रॅम बनवणारा स्वतः लिहितो. त्याने तिथे काहीही लिहावं, कुणी अडवत नाही. सहीतलं नाव मात्र त्याला मनाने घालता येत नाही. म्हणून दोन्ही नावं शेजारी शेजारी ठेवून पाहायची. कॉपीराइटमध्ये मायक्रोसॉफ्ट आणि सहीत कुठली तरी अनोळखी मार्केटिंग कंपनी असं दिसलं, तर तपास जवळजवळ तिथेच संपतो. जाऊबाईंच्या फाईलमध्ये प्रॉडक्टचं नाव ‘सिस्टिम अपडेट हेल्पर’ होतं आणि सही होती दोन निरर्थक शब्द जोडून केलेल्या एका कंपनीची. इंटरनेटवर त्या कंपनीचं धड एक पानही सापडलं नाही. सिस्टिमचं अपडेट करणाऱ्याला स्वतःचं पान नसावं, हे मला पटेना.

सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत प्रोग्रॅमच्या नावाखाली जो प्रकाशक दिसतो, त्याचाही सहीशी संबंध नसतो. इन्स्टॉलरने लिहून ठेवलेला तो साधा मजकूर आहे. तिथे ओळखीचं नाव दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

नंतर तारखा. सहीच्या खिडकीत खाली ‘काउंटरसिग्नेचर्स’ असा चौकोन असतो, त्यात सही केल्याची वेळ दिसते. ही वेळ तिसरी संस्था नोंदवते, म्हणून तिला किंमत आहे. ही नोंद असली की सर्टिफिकेटची मुदत संपल्यावरही जुनी सही चालू राहते, तेव्हा मुदत संपलेली दिसली म्हणून लगेच घाबरायचं नाही. मी दोन गोष्टी बघते. एक, सर्टिफिकेट कधी दिलं गेलं आणि फाईलवर सही कधी झाली. दुसरी, त्याच सुमारास कम्प्युटरवर काय उतरवलं गेलं. सर्टिफिकेट तीन आठवड्यांचं, सही कालपरवाची आणि कंपनी म्हणते की आमचं उत्पादन लाखो लोक कितीतरी वर्षं वापरताहेत, तर हिशोब लागत नाही. नव्या, प्रामाणिक प्रोग्रॅमचं सर्टिफिकेटही नवंच असणार हे खरं. म्हणून एकट्या तारखेवरून निकाल देत नाही, इतर खुणांच्या पारड्यात ती टाकते.

फाईल कुठे बसली आहे तेही पाहा. नीट बनवलेले प्रोग्रॅम बहुधा ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये असतात. ॲडवेअरला ‘ॲपडेटा’मधले लोकल आणि रोमिंग हे फोल्डर आवडतात, कारण तिथे लिहायला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागत नाही. ‘प्रोग्रॅमडेटा’ आणि ‘टेम्प’ही बघा. ॲपडेटा आणि प्रोग्रॅमडेटा हे फोल्डर लपवलेले असतात, फाईल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून ‘हिडन आयटेम्स’ चालू करावं लागेल. काही चांगले प्रोग्रॅमही ॲपडेटामध्ये राहतात, पण त्यांचा फोल्डर त्यांच्याच नावाचा असतो. कसलाही अर्थ नसलेल्या अक्षरांचा फोल्डर, आत एकच ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारी फाईल, आणि तिच्यावर अनोळखी सही, हे चित्र मी आतापर्यंत चार घरांत पाहिलं.

एक फसगत उलट्या बाजूने होते. नोटपॅडसारख्या विंडोजच्या स्वतःच्या अनेक फाईलींना ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅबच नसतो. त्यांच्या सह्या कॅटलॉग नावाच्या वेगळ्या फाईलींत एकत्र ठेवलेल्या असतात. टॅब दिसला नाही म्हणून सिस्टिमच्या फोल्डरमधली फाईल पुसायला गेलात, तर कम्प्युटर बंद पडू शकतो. शिवाय बिनसहीचे चांगले प्रोग्रॅमही पुष्कळ आहेत. सेव्हन-झिपचे इन्स्टॉलर वर्षानुवर्षं सहीशिवाय येत राहिले, आणि तो उत्तम प्रोग्रॅम आहे.

इन्स्टॉलर चालवण्याआधीच तपासलात तर पुढचं सगळं वाचतं. व्हीएलसी हा व्हिडिओ बघायचा, व्हिडिओलॅन या संस्थेचा प्रोग्रॅम, त्याच्या इन्स्टॉलरवर व्हिडिओलॅनचीच सही हवी. व्हीएलसी म्हणून उतरवलेल्या फाईलवर दुसऱ्याच कुणाची सही असेल, तर मधल्या कुणीतरी मूळ प्रोग्रॅमभोवती स्वतःचं वेष्टण गुंडाळलं आहे, आणि जाहिराती त्या वेष्टणात असतात. विंडोज परवानगी मागतं त्या खिडकीत ‘व्हेरिफाइड पब्लिशर’समोर हेच नाव येतं. ‘येस’ दाबण्याआधी ते वाचायची सवय लावून घ्या. खिडकीचा रंग निळा आहे एवढ्यावर जाऊ नका. खरी सही असली की ती निळीच येते, मग सही कुणाचीही असो.

सही शाबूत ठेवून फाईलमध्ये भर घालता येते, हे कळलं तेव्हा मला फार अस्वस्थ वाटलं. सहीचा मजकूर फाईलच्या ज्या भागात असतो, तो भाग सहीच्या हिशोबात धरलेला नसतो. तिथे शेपटासारखी माहिती जोडली तरी विंडोज ‘ओके’च म्हणतं. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१३ मध्ये यावर कडक तपासणी आणली, पण बरेच इन्स्टॉलर हीच पळवाट वापरत असल्याने ती नंतर ऐच्छिक करून टाकली, आणि तशीच राहिली. बँकेत कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारल्याशिवाय आम्ही चेक पुढे जाऊ देत नव्हतो.

एक फाईल सापडली म्हणून तिथे थांबू नका. ॲडवेअर एकटा राहत नाही. इथे सहीच आपल्या कामी येते, कारण एका नावाने सही केलेल्या बाकीच्या फाईलीही शोधता येतात. त्यासाठी सिसइंटर्नल्सचा ऑटोरन्स हा फुकट प्रोग्रॅम घ्या. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं हे काम २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून उतरवा. उतरवल्यावर त्याचीही सही तपासा, सराव होतो.

ऑटोरन्स ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. ‘ऑप्शन्स’मध्ये ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज’ चालू करा, आणि ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये ‘व्हेरिफाय कोड सिग्नेचर्स’ व ‘चेक व्हायरसटोटल डॉट कॉम’ या दोन्हीवर टिक करा. व्हायरसटोटल ही एकच फाईल अनेक अँटिव्हायरस इंजिनांकडून तपासून घेणारी साइट आहे. कम्प्युटर सुरू होताना आपोआप चालणाऱ्या जवळजवळ सगळ्या गोष्टींची यादी येते आणि प्रत्येकीसमोर सही करणाऱ्याचं नाव येतं. गुलाबी ओळीची सही पटलेली नसते, पिवळ्या ओळीची फाईलच जागेवर नसते. लोक गुलाबी ओळींकडे धावतात. आपल्याला हवा तो ॲडवेअर साध्या पांढऱ्या ओळीत ‘व्हेरिफाइड’ लिहून बसलेला असतो. म्हणून रंग बाजूला ठेवा आणि नावांचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा. प्रत्येक नावाशी स्वतःला विचारा, हा घरात कशाने आला? प्रिंटरवाला, साउंड कार्डवाला, ब्राउझरवाला अशी उत्तरं मिळत जातात. ज्याचं उत्तर मिळत नाही तो संशयित. जाऊबाईंच्या लॅपटॉपवर त्या एकाच कंपनीची तीन ठिकाणं निघाली: लॉगऑनमध्ये एक नोंद, सर्व्हिसेसमध्ये एक, आणि शेड्यूल्ड टास्कमध्ये एक. नुसती पहिली काढली असती, तर इतर दोघींपैकी कुणीतरी ती परत आणली असती.

व्हायरसटोटलच्या रकान्यात दोन आकडे दिसतात, किती इंजिनांनी फाईल वाईट ठरवली आणि एकूण किती इंजिनांनी तपासली. ऑटोरन्स सुरुवातीला फाईल पाठवत नाही, तिचा हॅश, म्हणजे ठसा, पाठवतं. स्वतःहून फाईल चढवायची वेळ आली तर खाजगी कागदपत्रं कधीही चढवू नका, तिथे चढवलेलं इतर तपासणाऱ्यांना मिळू शकतं. आकड्यावर क्लिक केलं की इंजिनांनी दिलेली नावं दिसतात. ‘ॲडवेअर’, ‘पीयूए’ किंवा ‘पीयूपी’ (म्हणजे नको असलेला प्रोग्रॅम), ‘बंडलर’ (म्हणजे सोबत दुसरंच काही गुंडाळून आणणारा) असे शब्द निरनिराळ्या इंजिनांच्या नावांत आले, तर माझ्या लेखी प्रश्न मिटला. सत्तरातल्या एकानेच काहीतरी म्हटलं असेल तर ती चूकही असू शकते. आणि शून्य आलं म्हणजे फाईल स्वच्छ असंही नाही. कालच सही केलेली फाईल अजून कुणी पाहिलेली नसते.

मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्यावर एक भोक राहू शकतं. विंडोजचेच रनडीएलएल, डब्ल्यूस्क्रिप्ट, पॉवरशेल असे प्रोग्रॅम दुसऱ्याची स्क्रिप्ट चालवतात. सही मायक्रोसॉफ्टची आणि काम ॲडवेअरचं. टास्क शेड्यूलर उघडून प्रत्येक अनोळखी कामाचा ‘ॲक्शन्स’ टॅब वाचा. प्रोग्रॅमच्या नावापुढे ॲपडेटामधल्या एखाद्या फाईलचा पत्ता लिहिलेला असेल, तर त्या फाईलकडे वळा. ब्राउझरच्या शॉर्टकटचंही तसंच: प्रॉपर्टीजमधल्या ‘टार्गेट’ ओळीच्या शेवटी एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असतो.

आणखी एक जागा फार कमी लोक बघतात. स्टार्टमध्ये इंग्रजीत ‘मॅनेज कम्प्युटर सर्टिफिकेट्स’ असं शोधा. ‘ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज’ हा विंडोजचा विश्वासाचा पाया आहे. तिथे कुणी आपलं सर्टिफिकेट घुसवलं, की त्याच्या सह्या आपोआप खऱ्या ठरतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर कारखान्यातूनच आलेला सुपरफिश नावाचा ॲडवेअर उघडकीला आला, त्याने इथेच आपलं सर्टिफिकेट ठेवलं होतं आणि त्याच्या बळावर सुरक्षित साइटींच्या पानांतही तो जाहिराती घालत होता. दुसरा फोल्डर ‘अनट्रस्टेड सर्टिफिकेट्स’. त्याच वर्षी सापडलेल्या व्हॉन्टिरा या ॲडवेअरने अँटिव्हायरस कंपन्यांची तेरा सर्टिफिकेटं इथे टाकून दिली होती, म्हणजे मग विंडोज त्या अँटिव्हायरसनाच चालू देईना. अँटिव्हायरस इन्स्टॉल व्हायला नकार देत असेल, तर आधी हा फोल्डर उघडा. अँटिव्हायरस कंपनीचं नाव तिथे दिसायला नको. रूटच्या यादीतलं मात्र समजल्याशिवाय काहीही पुसू नका.

मॅक वापरणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. ऑगस्ट २०२० मध्ये श्लेअर नावाच्या ॲडवेअरच्या प्रती ॲपलच्या स्वतःच्या नोटरायझेशनमधून, म्हणजे प्रोग्रॅम लोकांपर्यंत जाण्याआधी ॲपल करतं त्या तपासणीतून, पास झालेल्या सापडल्या होत्या.

काढताना घाई करू नका. आधी सेटिंग्जच्या ॲप्समध्ये यादी इन्स्टॉलच्या तारखेप्रमाणे लावा आणि त्या दिवशी आलेलं नको ते अनइन्स्टॉल करा. मग ऑटोरन्समध्ये त्या नावाच्या नोंदींची फक्त टिक काढा, डिलीट करू नका. चूक झाली तर टिक परत लावता येते. कम्प्युटर रीस्टार्ट करा, दोन दिवस वापरा. सगळं नीट चाललं तर नोंदी आणि फोल्डर पुसा. ब्राउझरची एक्स्टेन्शन्स हाताने तपासा, ती या सहीच्या तपासणीत येत नाहीत. शेवटी विंडोज सिक्युरिटीत ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये जाऊन ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग’चे दोन्ही पर्याय चालू आहेत का ते बघा. जाऊबाईंच्या लॅपटॉपवर दोन्ही बंद होते.

पुसण्याआधी त्या फाईलचा हॅश आणि सर्टिफिकेटचा सिरियल नंबर लिहून ठेवा, आणि ‘इश्यूड बाय’मध्ये जी संस्था आहे तिच्या साइटवर सर्टिफिकेटच्या गैरवापराची तक्रार करा. तक्रार पटली तर संस्था सर्टिफिकेट रद्द करते, आणि मग त्याच ‘ओके’च्या जागी विंडोज ‘सर्टिफिकेट वॉज एक्सप्लिसिटली रिव्होक्ड बाय इट्स इश्यूअर’ असं सांगतं. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि आपल्या ओळखीत नसलेल्या किती घरांत ती सही थांबेल. कृपा करून ते टाळू नका.

सगळं स्वच्छ झालं की ऑटोरन्सची यादी ‘फाईल’ मेन्यूतल्या ‘सेव्ह’ने तारखेच्या नावाने जपून ठेवा. पुढच्या महिन्यात त्याच मेन्यूतल्या ‘कंपेअर’ला ती दिली, की मधल्या काळात आलेल्या नव्या नोंदी हिरव्या दिसतात. जाऊबाईंच्या यादीत परवा एकच हिरवी ओळ होती: नव्या प्रिंटरची, प्रिंटरवाल्या कंपनीच्याच सहीची.